चांगलं कोकरू आधी विकलं जातं: सांगोला पट्ट्यातल्या एका दख्खनी कळपाचं प्रकरण

प्रश्न एका वाक्यात मांडता येतो. सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांच्या सीमेवरच्या एका धनगर कुटुंबाकडे ६० दख्खनी मेंढ्या आणि दोन नर आहेत. कोकरं दरवर्षी बारीक भरतायत, व्यापारी भाव पाडतोय, आणि घरातल्या तरुण पोरांचं म्हणणं आहे की दोन्ही नर विकून माडग्याळ जातीचा एक मेंढा आणावा. आणावा का?

हे कुटुंब नमुन्याचं आहे. या पट्ट्यातल्या वाड्यांवर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळांवर, सर्रास दिसणारी परिस्थिती एका कळपात एकत्र करून मांडली आहे आणि कळपाचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. आपल्या कळपाचे आकडे घालून हाच हिशेब कुणालाही करता येईल.

दख्खनी मेंढीचे महाराष्ट्रात जे प्रकार सांगितले जातात त्यांत लोणंद, संगमनेरी, कोल्हापुरी यांच्या जोडीला सोलापुरी हाही एक आहे. म्हणजे इथल्या वाड्यावरचा नर बदलतो तेव्हा एका घराचा व्यवहार तर होतोच, शिवाय सोलापुरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रक्ताचा एक हिस्साही जातो. तरीही मेंढपाळाला "जात टिकवा" एवढंच सांगून भागत नाही. त्याच्या हिशेबात बसलं तरच जात टिकेल. म्हणून आधी हिशेब.

कळपाचं वर्ष

सोलापूर जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सांगोल्याकडे त्याहूनही कमी. पावसाळ्यात हा कोरडेपणाच मेंढीला मानवतो. चिखलात खुरं सडतात, लोकर भिजून राहिली की निमोनिया होतो, म्हणून पाऊसकाळात कळप गावाकडच्या माळावर. दिवाळीनंतर माळ वाळतो आणि वाडा भीमा-नीरेकाठच्या बागायतीकडे सरकतो. उसाचं वाढं, कापणी झालेली रानं, आणि पुढे मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी निघाली की धाटांमधला पाला. शेतकरी मेंढ्या रानात बसवतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा रोख देतो. वाटेवर रोजची चाल दहा-बारा किलोमीटरची. घोड्यावर संसार आणि नुकतीच जन्मलेली कोकरं, रात्री वाघर (जाळीचं कुंपण) लावून कळप आत.

या चालीत टिकणारी मेंढी म्हणजे दख्खनी. अंगानं लहान, बहुधा काळी किंवा काळी-पांढरी, जाड भरड लोकर. ती लहान आहे म्हणूनच उन्हाळ्यातल्या काडीकचऱ्यावर निभावते. मोठ्या शरीराला नुसतं उभं राहायलाही जास्त चारा लागतो. दुष्काळात हा फरक जीवन-मरणाचा होतो.

नर बारीक कसा झाला

प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

या कळपात मुख्य वेत नोव्हेंबर-डिसेंबरचं. साधारण २१ नर कोकरं हाती लागतात. फेब्रुवारीत, कोकरं अडीच-तीन महिन्यांची झाली की व्यापारी वाड्यावर येतो. व्यवहार नगावर, नजरेनं. तो स्वाभाविकपणे भरलेली, उंच, चपळ कोकरं उचलतो. घरातही पैशाची निकड असते, तेव्हा पहिल्या फेरीत १५ जातात, दुसऱ्या फेरीत चार. जी दोन उरतात ती उशिरा जन्मलेली, दूध कमी असलेल्या आईची, नाहीतर आजारातून उठलेली. त्यांना कुणी घेत नाही म्हणून ती वाढतात. वाढली की तीच कळपाचा नर होतात.

म्हणजे जातीतलं सगळ्यात चांगलं रक्त दरवर्षी खाटकाकडे जातं आणि सगळ्यात हलकं पुढच्या पिढीचा बाप होतं. हे कुणी ठरवून करत नाही. पण अशी पंधरा-वीस वर्षं गेली की लोक म्हणतात, "दख्खनीत आता दम नाही."

एका पिढीत या उलट्या निवडीचा फटका डोळ्याला दिसत नाही. तीन महिन्यांच्या वजनातल्या फरकापैकी रक्तानं पुढे जाणारा वाटा पाचवा हिस्सा धरला, आणि ठेवलेले नर सरासरीपेक्षा दीड किलोनं हलके असले, तर बापाचा वाटा निम्मा म्हणून पुढच्या पिढीत घट येते फक्त दीडशे ग्रॅम. तेच नर दीड किलोनं भारी निवडले असते तर दीडशे ग्रॅम वाढ मिळाली असती. पिढीला ३०० ग्रॅमचा हा फरक, आणि तोही न थांबता साचत जाणारा.

याहून मोठा फटका दुसऱ्या बाजूनं बसतो. ६० मेंढ्यांना दोनच नर, आणि दोन्ही याच कळपात जन्मलेले. नात्यातला संकर मोजायचं एक साधं गणित आहे: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले दोन्हींची बेरीज. इथे ४ × २ × ६० भागिले ६२, म्हणजे ७.७. डोळ्यांना ६२ जनावरं दिसतात, पण रक्ताच्या हिशेबात हा कळप जेमतेम आठ जनावरांचा आहे. एकाला या आकड्याच्या दुपटीनं भागलं की वेग कळतो: दर पिढीला नात्याचा संकर साडेसहा टक्क्यांनी वाढतो. त्याची लक्षणं मेंढपाळ ओळखतो, कारण मात्र दुसरीच लावतो: मेंढ्या उलटतात (गाभ न राहता पुन्हा माजावर येतात), कोकरं जन्मतः मऊ निघतात आणि पहिल्या आठवड्यात मरतात, जबडा वर-खाली असलेलं एखादं जन्मतं, नराचं एकच बीज (वृषण) खाली उतरलेलं असतं. दोष चाऱ्याला नाहीतर नजरेला दिला जातो.

नर दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवला की बाप-लेकीचा संकर सुरू होतो. नोव्हेंबरात जन्मलेली पाठ (तरुण मादी) दीड वर्षाची होऊन फळायला येते तेव्हा बाप अजून कळपातच असतो. तिला होणाऱ्या कोकरात नात्याचा संकर एका फटक्यात २५ टक्के.

ही अडचण सरकारी योजनेतही आहे, आणि ती बोलून दाखवायला हवी. महामेष योजनेत २० मेंढ्या आणि एक नर असा गट अनुदानावर मिळतो. मेंढपाळाला हातभार म्हणून योजना मोलाची आहे. पण २० अधिक एक या गटाचं वरचं गणित ३.८ येतं, म्हणजे पिढीला तेरा टक्के. हा गट एकटा राहिला तर दोन वर्षांनंतर तो नर बदललाच पाहिजे, आणि हे गट घेतानाच ठरवून ठेवावं.

माडग्याळ आणला तर

माडग्याळला दोष देऊन दख्खनी वाचणार नाही. माडग्याळ काही परकी जात नव्हे. शेजारच्या जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून तिचं नाव पडलं. उंच पाय, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, झपाट्यानं भरणारं अंग. आटपाडीच्या बाजारात अशा मेंढ्यांना लाखांत बोली लागल्याच्या बातम्या आल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक वाड्यावर हा विषय निघतो. लाखांचा मेंढा हा शौकाचा मेंढा. त्याला दूध, भरड, हिरवा चारा, सावली, सगळं दावणीला मिळतं. त्याची लेक जेव्हा उन्हाळ्यात धाटं चघळत दहा किलोमीटर चालते, तेव्हा तो भाव तिच्या उपयोगी पडत नाही.

पहिल्या संकराची कोकरं चांगली भरतात, यात वाद नाही. घोळ माद्यांमध्ये आहे. ६० मेंढ्यांत वर्षाला सुमारे १२ म्हाताऱ्या निघतात आणि १२ पाठी त्यांची जागा घेतात. नर फक्त माडग्याळ असेल तर त्या बाराही पाठी अर्ध्या माडग्याळ. पाच-सहा वर्षांत जुन्या सगळ्या मेंढ्या निघून जातात आणि कळपात एकही पूर्ण दख्खनी मेंढी उरत नाही. पुढची पिढी तीन चतुर्थांश, त्यापुढची साडेसत्त्याऐंशी टक्के. मग परत यायचं म्हटलं तर दख्खनी नर आणायचा कुठून, कारण शेजाऱ्यांनीही तेच केलेलं असतं.

आणि बाजारातून जो "माडग्याळ" म्हणून आणला जातो तो पुष्कळदा स्वतःच अर्धा संकर असतो. नाक बाकदार आहे एवढ्यावर पैसे मोजले जातात. त्याची कोकरं एकसारखी निघत नाहीत, काही बापावर जातात, काही कशावरच नाही.

लोकरीचंही सांगायला हवं. संकरात लोकर विरळ होत जाते, पोट आणि मान केसाळ होतात. आज मेंढपाळाला याचं दुःख नाही, कारण कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही. पण सनगरांच्या घोंगडीला हीच काळी भरड लोकर लागते. ती रंगवावी लागत नाही आणि चिंचोक्याची खळ दिली की पावसातही टिकते. जिथे घोंगडीवाला अजून वाड्यावर येतो तिथे काळी आणि पांढरी लोकर वेगळी कातरून वेगळ्या पोत्यात ठेवावी, काटेकुसळं झाडून टाकावीत. मिसळलेल्या पोत्याला भाव मिळत नाही, निवडलेल्या काळ्याला मिळतो.

तिसरा पर्यायही या घरात बोलला गेला: फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तयार केलेली नारी सुवर्णा. बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनीत आणून ती घडवली आहे. जिथे गाभण आणि दुधाळ मेंढीला दावणीला खुराक देता येतो तिथे ती फायद्याची आहे. सतत चालत्या वाड्यावर मात्र जुळ्यांना पुरेल एवढं दूध उतरणं आणि दोन-दोन कोकरं सांभाळणं अवघड जातं. या कळपाच्या चालीत ती बसत नाही.

ठरलं ते असं

दोन्ही बाजू ऐकून घेणारा तोडगा निघतो: दख्खनीच्या नराची निवड सुधारायची, नर चार वाड्यांत फिरवायचे, आणि माडग्याळचा उपयोग फक्त विक्रीच्या कोकरांसाठी करायचा. प्रत्येकाची कृती खाली दिली आहे, पण सगळ्यांत महत्त्वाची पहिली. ती झाली नाही तर उरलेल्यांना अर्थ नाही.

निवड व्यापारी येण्याआधी झाली पाहिजे. लागतो तो २५ किलोचा टांगता काटा, एक गोणपाटाची झोळी आणि वही. वाघरीचे तीन खुंट तिकाटण्यासारखे बांधले की काटा टांगता येतो. जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत पहिलं वजन, मग फेब्रुवारीच्या दहा तारखेच्या सुमारास सगळ्यांचं एकाच दिवशी, सकाळी, दूध पाजण्याआधी. जन्मतारीख लिहिणं जमत नसेल तर पहिल्या पंधरवड्यातल्या कोकरांच्या पाठीवर कावेचा पट्टा, दुसऱ्या पंधरवड्यातल्यांना निळा, एवढंही पुरतं.

नुसतं वजन बघून निवडलं तर व्यापाऱ्याचीच चूक आपण करतो. एक उदाहरण. १४ नोव्हेंबरला जन्मलेलं कोकरू, जन्मवजन ३.१ किलो, १० फेब्रुवारीला १४.२ किलो. दुसरं ८ डिसेंबरचं, जन्मवजन २.९, त्याच दिवशी ११.४ किलो. नजरेला पहिलं कितीतरी सरस. पण पहिल्यानं ८८ दिवसांत ११.१ किलो वाढ केली, म्हणजे दिवसाला १२६ ग्रॅम. दुसऱ्यानं ६४ दिवसांत साडेआठ किलो, म्हणजे १३३ ग्रॅम. दुसरं निदान तोडीस तोड आहे. कोवळ्या वयात वाढ जोमाची असते, तेव्हा वयात महिन्याचं अंतर असेल तर सात-आठ ग्रॅमच्या फरकावर निकाल देऊ नये. एकाच पंधरवड्यातल्या कोकरांची आपसात तुलना सगळ्यात खरी. पहिलारू आईच्या कोकराला थोडी सूट द्यावी, कारण तिला दूधच कमी असतं.

वजनानंतर पारख. दोन्ही बीजं खाली उतरलेली, सारखी, टणक. खालचे दात वरच्या हिरडीला बरोबर टेकलेले. पाय सरळ, खुरं काळी आणि घट्ट. आणि आई कोण, हे विचारायचं वाड्यावर कोकरं सांभाळणाऱ्या बाईला. कुठल्या मेंढीला दोन्ही सडांत दूध आहे, कुठली कोकराला जवळ घेत नाही, कुठलीला दरवर्षी कासदाह होतो, हे रानात कळपामागे असलेल्या पुरुषाला माहीत नसतं. निवडीत तिचा शब्द शेवटचा ठेवला तर निम्म्या चुका टळतात.

२१ पैकी तीन नर कोकरं ठेवायची. दोन अदलाबदलीला, एक राखीव. त्याच दिवशी कानाला बिल्ला मारून टाकायचा, म्हणजे मोह झाला तरी व्यापाऱ्यासमोर ती नाहीतच. या ठेवण्याची किंमत किती? पहिल्या वर्षी नर कोकरांच्या पैशाचा सातवा हिस्सा थांबतो. तो बुडत नाही: राखीव नर दीड वर्षाचा झाला, गरज पडली नाही, की बकरी ईदच्या बाजारात दुप्पट वजनाचा जातो. कामाचे नर दोन हंगाम वापरून विकता येतात. पण पहिल्या वर्षाची ती खोट सोसायची तयारी घरात आधी व्हायला हवी. बहुतेक बेत इथेच मोडतात.

आणखी एक धोका. नर कोकरू सहा-आठ महिन्यांत फळवण्याजोगं होतं, म्हणजे ठेवलेलं कोकरू आपल्या आईलाच आणि बहिणीलाच फळवणार. पाच महिन्यांनंतर त्याच्या पोटाखाली गोणपाटाचं फडकं बांधायचं, पाठीवरून दोन बंद घेऊन. आठ दिवसांनी सोडून बघायचं, नाहीतर खाली कातडी चिघळते, पावसाळ्यात जखमेत किडे पडतात. न विकलेल्या बाकीच्या नरांचं खच्चीकरण करून घ्यावं.

नर लावण्याच्या तारखा

मेंढीचा गाभणकाळ साधारण १४७ ते १५० दिवस, माजाचं चक्र १६-१७ दिवसांचं. नर १५ जूनला सोडला आणि २० जुलैला काढला तर प्रत्येक मेंढीला दोन संधी मिळतात आणि वेत १० नोव्हेंबर ते २० डिसेंबरच्या आत आटोपतं. या मुदतीत फक्त दख्खनी नर. मग पंधरा दिवस कळपात एकही नर नाही. ५ ऑगस्टला माडग्याळ सोडायचा, महिनाअखेर काढायचा. त्याची कोकरं डिसेंबरच्या अखेरीला सुरू होतात. मधल्या पंधरा दिवसांच्या फटीमुळे गोंधळ राहत नाही: २६ डिसेंबरनंतर जन्मलेलं प्रत्येक कोकरू संकर समजायचं, त्याच्या कानाला खाच पाडायची, आणि नर असो की पाठ, सगळी विकायची. कितीही देखणी पाठ असली तरी. एक ठेवली की पुढच्या वर्षी चार राहतात.

यात आणखी एक सोय आपसूक होते. दोन माजांत न फळलेल्या मेंढ्या बहुधा म्हाताऱ्या किंवा कमी फळणाऱ्या असतात, त्यांची पाठ ठेवायची नसतेच. मात्र पहिलारू पाठ माडग्याळखाली जाऊ देऊ नये. कोकराचं डोकं मोठं असलं तर लहान हाडाच्या पाठीला विणं जड जातं, आणि रात्री वाघरीत, दवाखान्यापासून दूर, अशी अडलेली मेंढी हातची जाते.

नर खरंच काम करतोय का हे कळायला त्याच्या छातीला काव आणि तेलाचा लेप लावावा. फळवलेल्या मेंढीच्या पुठ्ठ्यावर रंग उमटतो. सतरा दिवसांनी लेपाचा रंग बदलायचा. बऱ्याच मेंढ्यांवर दुसरा रंग दिसला तर नर नापीक आहे, आणि ते जुलैच्या पहिल्या आठवड्यातच कळतं, नोव्हेंबरात नव्हे.

नापीकपणाचं इथलं सगळ्यात मोठं कारण ऊन. मेंढ्याचं वीर्य तयार व्हायला जवळपास सात आठवडे लागतात. १५ जूनला लागणारं वीर्य एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तयार व्हायला लागतं, आणि सोलापुरात तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो. भर दुपारी रानात हिंडलेला नर जूनमध्ये उत्साहानं मेंढ्यांवर चढेल, पण मेंढ्या उलटत राहतील. म्हणून एप्रिलअखेरपासून नर कळपाबरोबर पाठवायचे नाहीत. गावाकडे कडुनिंबाखाली, दिवसातून दोन-तीनदा पाणी, बीजांभोवतीची लोकर कातरून टाकलेली, आणि रोज ३०० ग्रॅम ज्वारी किंवा मका, सोबत मूठभर भिजवलेला हुलगा. मेंढ्यांनाही नर सोडण्याआधी तीन आठवडे जमेल तेवढं, २०० ग्रॅमपर्यंत, धान्य मिळालं तर माजावर एकदम येतात.

जंताचं औषध नर सोडण्याच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात उरकावं. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात दिलं तर गर्भात व्यंग येऊ शकतं. पावसाळ्यात जंत वाढले म्हणून जुलैत सगळ्या कळपाला तेच औषध पाजणं ही नेहमी घडणारी चूक आहे. त्या काळात गरज पडलीच तर डॉक्टरांना नर सोडल्याची तारीख सांगून दुसरं औषध घ्यावं. आंत्रविषाराची लस मे महिन्यात, पहिल्यांदाच देत असाल तर दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा.

चार वाडे, सोळा नर

आता नर फिरवण्याचं. एकट्या कळपानं दोनाऐवजी चार नर ठेवले तर मघाचं गणित ७.७ वरून १५ वर जातं, नात्याचा संकर पिढीला ३.३ टक्के. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही. असेच चार वाडे, प्रत्येकी ६० मेंढ्या आणि चार नर, एकमेकांत नर फिरवू लागले तर २४० माद्या आणि १६ नर, गणित बरोबर ६० येतं आणि नात्याचा संकर पिढीला ०.८३ टक्के. जातीच्या जतनासाठी पन्नासच्या वर असावं असं मानलं जातं. म्हणजे हे काम करायला सरकारी प्रक्षेत्रच हवं असं नाही, चार वाडे पुरतात.

फिरवण्याचा नियम एकच: दिशा कधी बदलायची नाही. पहिल्या वाड्याची नर कोकरं दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, तिसऱ्याची चौथ्याकडे, चौथ्याची पहिल्याकडे. दरवर्षी दोन नवे नर येतात, दोन जुने जातात, प्रत्येक जण दोन हंगाम काम करतो. पाठी आपल्याच वाड्यात राहतात. उलट अदलाबदल, "तू माझा घे, मी तुझा घेतो", ही करू नये, त्यानं दोन वर्षांत पुन्हा तेच नातं समोर येतं. आणि चारही वाडे भावकीतले असतील तर आधी दोन पिढ्या मागे जाऊन विचारावं की नर कुणाकडून आले होते. एकाच नामांकित मेंढ्याची पोरं चारही ठिकाणी निघाली तर चौथा वाडा लांबचा शोधावा. माहूदला राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचं मेंढीपालन प्रक्षेत्र सांगोला तालुक्यातच आहे. बाहेरचं रक्त हवं तेव्हा तिथे दख्खनी नराची चौकशी करावी.

अदलाबदल दिवाळीला करावी असं आमचं मत आहे. मंगळवेढ्याच्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगराया-बिरोबाची यात्रा भरते, दूरदूरचे मेंढपाळ भंडाऱ्यात न्हाऊन निघतात, आणि त्यानंतरच वाडे बाहेर पडतात. चारही घरची माणसं एका जागी सापडण्याचा वर्षातला हा एकमेव दिवस. नर मात्र यात्रेत आणायचे नाहीत. तिथे फक्त कोणता बिल्ला कुणाकडे जाणार ते ठरवायचं. कोकरं तेव्हा अकरा-बारा महिन्यांची असतात आणि जूनपर्यंत नव्या कळपात रुळायला सात महिने मिळतात.

नव्या नराला पहिले २१ दिवस कळपात सोडायचं नाही. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि देवी हे साथीचे रोग अशाच अदलाबदलीतून पसरतात. त्याला निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी दोन्ही लसी दिलेल्या असाव्यात. वाडा चालता असेल तर नर गावात म्हाताऱ्या माणसांकडे बांधून ठेवावा, त्याचं पाणी-भांडं वेगळं. या काळात खुरं तपासून छाटावीत, जंतनाशक द्यावं, गोचीड काढावेत.

नव्या-जुन्या नरांची मारामारी होते, थोराड नर तरुणांना मेंढ्यांजवळ येऊ देत नाही. मग चार नर असूनही बाप एकच ठरतो आणि सगळं गणित कागदावर राहतं. त्यावर उपाय म्हणजे एकाआड एक आठवडा जोड्या बदलणं: एका आठवड्याला दोन थोराड, पुढच्याला दोन तरुण. तरुण नराकडे एका हंगामात १५-२० पेक्षा जास्त मेंढ्यांची अपेक्षा ठेवू नये.

कुठे मोडतं

दुष्काळात मोडतं. २०१८-१९ सारखं वर्ष आलं की आधी नर विकले जातात, कारण नराला नगद जास्त मिळते आणि मेंढी राहिली तर कळप राहील असं प्रत्येक जण मानतो. चारांपैकी एका वाड्यानं नर विकले की पुढच्या वाड्याला वर्षाचे नर मिळत नाहीत. तो बाजारातून मिळेल तो आणतो आणि साखळी तुटते. राखीव नर यासाठीच आहे, आणि म्हणून तो ईदेला विकण्याआधी बाकी तिघांना विचारायचं हा करार सुरुवातीलाच व्हावा. कमी पावसाच्या वर्षी चार वाड्यांचे मिळून आठ नर एकाच ठिकाणी, ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्याकडे ठेवावेत. आठ नरांना दिवसाला प्रत्येकी सव्वा किलो वाळलेला कडबा आणि २०० ग्रॅम धान्य धरलं तर एप्रिल ते जूनच्या ९० दिवसांना ९०० किलो कडबा आणि १४४ किलो धान्य लागतं. चौघांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन क्विंटल कडबा आणि ३६ किलो ज्वारी येते. मंगळवेढ्याच्या रानात मेंढ्या बसवताना रोख रकमेऐवजी तेवढा कडबा आणि धान्य ठरवून घेतलं, आणि मार्चमध्येच त्या घरी पोचवून गंजी लावून ठेवली, तर नर विकायची वेळ येत नाही.

या कळपात यंदा २१ पैकी तीन कोकरांना बिल्ले लागले. व्यापारी त्यांतल्या एकावर दोनदा थांबला.